चाप

"कशासाठी हवंय?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं. "सरावाला, घरात ठेवायला, की जवळ बाळगायला?"

"सरावाला," मी म्हणाले.

हे खोटं होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांना ते माहीत होतं. ते काचेखालची पिस्तुलं बघत होते, मंडईत वांगी बघावीत तशी, एकेकावर बोट ठेवून. मार्च महिना होता. नवऱ्याचं घर सोडून मला पाच आठवडे झाले होते. त्या पाच आठवड्यांत तो माझ्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये अकरा वेळा येऊन बसला होता. गाडीतून उतरायचा नाही. काच खाली करून नुसता बसायचा. मी निघाले की तोही निघायचा आणि काकांच्या कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत मागे यायचा. तिथे इंडिकेटर देऊन, नीट वळून परत जायचा. इंडिकेटर द्यायला तो कधीच विसरला नाही.

एकदा मी पोलिसांना फोन केला होता. त्यांनी विचारलं, त्याने धमकी दिली का? हात उचलला का? मी म्हणाले, हल्ली नाही. 'हल्ली नाही' म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. शाळेतही उत्तर येत असून मी हात वर करत नसे.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून इकडे अमेरिकेत आले, आता निवृत्त आहेत. मॉरिसव्हिलच्या त्यांच्या घरात गॅरेजच्या वरची खोली त्यांनी मला दिली, तीही एका शब्दाने काही न विचारता. हे मला आधीच लिहायला हवं, कारण पुढचं सगळं वाचून ते वाईट वाटतील. ते वाईट नाहीत. पिस्तुलाची कल्पनाही त्यांचीच. "एकटी बाई, उशिरापर्यंत ऑफिस. जवळ काहीतरी हवं. इथली माणसं कशी असतात तुला माहीत नाही."

इथली माणसं. काकांच्या डोळ्यांसमोर डोक्यावर टोपी ओढलेला कुणीतरी अनोळखी माणूस होता, त्यांनी कधीच न पाहिलेला. ज्याच्यासाठी मी दुकानात उभी होते, त्याला काकांनी स्वतःच्या टेबलावर दोनदा श्रीखंड-पुरी वाढली होती.

काउंटरवाल्याने मखमलीच्या तुकड्यावर एक छोटं पिस्तूल ठेवलं. मूठ फिकट जांभळी. "बायकांमध्ये हे फार जातं," तो म्हणाला. मी ते उचललं.

"चापावर बोट नको!" काका ओरडले.

मी दुसऱ्या हाताने केसांचा चाप चाचपला. मला वाटलं, तो कुठेतरी अडकलाय.

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग काउंटरवाल्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला विनोद कळला नाही, तरी तो हसला. "अगं, चाप म्हणजे ट्रिगर! काय शिकवलं तुला नागपूरच्या कॉन्व्हेंटात?"

"ट्रिगर शिकवलं, काका."

घरी गेल्यावर हे काकूंना सांगून झालं, रविवारी जेवायला आलेल्या चौघांना सांगून झालं. मग मी बाहेर निघाले की काकू म्हणायच्या, "चाप घेतलास ना? डोक्याचा म्हणतेय मी." मी हसायचे. लाजऱ्या माणसाला घरात राहू द्यायचं तर त्याच्यावर एक ठरलेला विनोद लागतो. तेवढं भाडं मी देत होते.

काकांनी मला कॅलिबर समजावलं ते जेवणाच्या टेबलावर, चमच्याच्या दांड्या शेजारी शेजारी ठेवून. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, म्हणजेच गोळीची जाडी. पॉइंट टू-टू सगळ्यात बारीक, ती डबे पाडायला. थ्री-एटी बायकांना. नाइन एमएम पोलिसांना. आणि फोर्टी-फाइव्ह, जी त्यांच्या पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये होती, ती काकांना. "तुला थ्री-एटी. छोटं पिस्तूल, पर्समध्ये मावेल. नाजूक हाताला नाजूक वस्तू." माझं स्थळ सांगून आलं होतं तेव्हा घरात साधारण असंच बोलणं झालं होतं. मुलगा शांत आहे, सिटिझन आहे, तुझ्या स्वभावाला बरा. माझ्या मापाच्या गोष्टी इतर लोक मला न मोजता सांगतात.

काउंटरवाल्याचं म्हणणं होतं की विकत घेण्याआधी नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन बघा. एवढं त्याने बरं केलं. पुढच्या शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. ती जांभळी मूठ माझ्या हातात आली आणि पहिली अडचण ही की पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, स्लाइड, मला मागे ओढताच येईना. स्प्रिंग इतकी कडक. काकांनी ओढून दिली. मी नेम धरला. मुठीवर माझी करंगळी मावत नव्हती, खाली हवेत लोंबत होती. चाप ओढला आणि ते इवलंसं पिस्तूल हातात असं उसळलं की अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. चार गोळ्यांत एकही कागदाला लागली नाही. पाचवी मी झाडलीच नाही.

"होईल सवय," काका म्हणाले.

सवय होईल हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात आईकडून फोनवर ऐकलं होतं. मी पिस्तूल ट्रेमध्ये ठेवलं आणि बाथरूमला जाते म्हणून बाहेर आले.

बाहेर रेंजवर शिकवणारी बाई बसली होती. साठीची, पांढऱ्या केसांची, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिने माझ्या हाताकडे बघितलं. "छोटं आणि हलकं दिलं ना तुला?" ती म्हणाली. "सगळेच देतात. पिस्तूल जितकं हलकं, तितका धक्का हाताला. जड असलं की तो धक्का पिस्तूलच गिळतं. करंगळीसकट सगळी बोटं मुठीवर बसली पाहिजेत. रंग नंतर बघ." मग तिने मला काय, कोणतं, किती हे काहीच न विचारता एकच विचारलं.

"ओळखीचा आहे का?"

मी मानेनेच हो म्हणाले. तोपर्यंत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

तिने सहा महिन्यांचा रस्ता आखून दिला. आधी पॉइंट टू-टू, कारण तिला धक्का नाही, आवाज कमी, आणि डोळे मिटायची खोड लागत नाही. मे संपेपर्यंत मी तेच चालवत होते. केस वर बांधायचे, गळा बंद असलेला शर्ट घालायचा, कारण गोळीचं रिकामं तापलेलं टरफल उडून मानेवर पडतं. बोट कायम चापाच्या बाहेर, सरळ, धातूला टेकवून. ठरवल्याशिवाय आत न्यायचं नाही. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. बोट बाहेर ठेवणं, ठरवेपर्यंत काहीच न करणं, यात मला शिकवण्यासारखं काही नव्हतं.

कागदाचं लक्ष्य तारेवर मागे-पुढे नेता येतं. बाकीचे लोक लांब न्यायचे. माझा कागद तिने तीन पावलांवर आणला. "अनोळखी माणूस लांबून येतो," ती म्हणाली. "ओळखीचा इथपर्यंत आलेलाच असतो."

आणि तिने हेही सांगितलं, पहिल्या आठवड्यातच, की पिस्तूल ही शेवटची गोष्ट. त्याआधी कोर्टात जाऊन अर्ज कर. त्याने तुझ्याजवळ फिरकू नये असा कागद जज देतो. तो कागद आधी घे, पिस्तूल मग.

मी हे काकांना सांगितलं. आम्ही गाडीत होतो. "कोर्टाचा कागद म्हणजे रेकॉर्ड," ते म्हणाले. "त्याची नोकरी जाईल. त्याचे आईवडील मला ओळखतात. आणि तसा मुलगा वाईट नाही गं, जरा हट्टी आहे. सहा महिने जाऊ देत, थंड होईल. आपल्यातलं आपण बघू ना."

"मग पिस्तूल कशाला, काका?"

"ते वेगळं," काका म्हणाले.

किती वेगळं, हे मला नंतर हळूहळू कळलं. पिस्तुलावर कुणाचं नाव नसतं. कागदावर असतं. आमच्या घरात पिस्तूल चालणार होतं, कागद चालणार नव्हता. मी त्याच गाडीत, त्याच सीटवर बसून 'बरं' म्हणाले, आणि हे मी कुणावर ढकलू शकत नाही. 'बरं' मीच म्हणाले.

जुलैत मी नाइन एमएम घेतलं. मध्यम आकाराचं, काळं, दिसायला ऑफिसातल्या स्टेपलरसारखं कंटाळवाणं. बारा पिस्तुलं हातात घेऊन बघितली होती. या एकावर पाची बोटं बसली, आणि स्लाइड मी स्वतः ओढली. ओढायची नसते, एका हाताने घट्ट धरून दुसऱ्याने पिस्तूलच पुढे ढकलायचं असतं, हे त्या बाईने शिकवलं होतं. काका नाराज होते. "पर्समध्ये मावणार नाही." पर्समध्ये ठेवायचंच नव्हतं. पर्स खेचून नेता येते, खुर्चीवर विसरता येते. दुकानात फॉर्म भरताना एक प्रश्न होता: जोडीदाराला त्रास देऊ नये, असा कोर्टाचा हुकूम तुमच्याविरुद्ध आहे का? मी 'नाही' वर खूण केली आणि मनात म्हटलं, कसले एकेक प्रश्न विचारतात.

मग एका दिवसाचा क्लास, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, आणि थांबणं. लपवून बाळगायचा परवाना पोस्टाने आला. कन्सील्ड कॅरी. आई फोनवर 'कॅरी'चं 'कैरी' ऐकून म्हणाली, "तिकडे मिळते का गं चांगली?" मी म्हणाले, मिळते. तिला खरं सांगितलं नाही.

जवळ बाळगणं म्हणजे मुख्यतः कपड्यांचा प्रश्न आहे. लेगिंग्जवर पिस्तूल अडकवायचं होल्स्टर राहत नाही, सलवारीच्या नाडीवर तर नाहीच. जीन्स आणि जाड पट्टा, वर सैल कुर्ता. वाकले की मूठ कापडातून दिसते, म्हणून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. मी खोलीत आरशासमोर रिकाम्या पिस्तुलाने रोज वीस वेळा कुर्ता वर करून हात मुठीवर नेत होते. पहिल्यांदाच माझ्याजवळ असं काहीतरी होतं जे त्याला माहीत नव्हतं. त्याला माझा पासवर्ड, माझी पाळी, माझ्या लंचची वेळ माहीत होती. हे माहीत नव्हतं. शिकवणारी बाई म्हणायची, दिसलं की संपलं. ज्याच्यापासून जपायचं त्याला ते असल्याचा पत्ताही लागता कामा नये.

सप्टेंबरमध्ये इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता. शाळेच्या हॉलमध्ये. शाळेत पिस्तूल नेणं गुन्हा आहे, म्हणून मी ते घरी, कपाटातल्या लॉकबॉक्समध्ये ठेवून गेले. प्रसादाच्या रांगेत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. तीन पावलंसुद्धा नव्हती.

"बारीक झालीस," तो मोठ्याने म्हणाला. "काकू, हिला जेवायला घालत नाही का?"

काकू हसल्या. "घालतो रे बाबा, तीच खात नाही!"

मग माझ्या कानाशी, तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने: "हल्ली मागच्या दाराने निघतेस ऑफिसमधून."

मी द्रोणातली खिरापत खाल्ली. घरी येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलला ना पण स्वतःहून? चांगलंय. काहीतरी सुरुवात झाली."

दसऱ्याला सकाळी काकूंनी पाट मांडला. त्यावर काकांचा जुना स्टेथोस्कोप, शिवणाची कात्री, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, दोन गाड्यांच्या किल्ल्या, माझा लॅपटॉप. लॅपटॉपवर काकूंनी झेंडूचं फूल ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "तुझंही आण ना."

"नको काकू."

"अगं, खरं शस्त्र घरात असताना कात्रीची काय पूजा करायची? आज नाही तर कधी?"

मी आणलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत ती वस्तू काकांची कल्पना होती, कपाटातली अडचण होती. काकूंनी ती 'तुझं' म्हटली. मी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं, आणि पाटावर नळी भिंतीकडे करून ठेवलं. काकूंनी पाण्यात भिजवलेलं कुंकू मुठीवर बोटाने लावलं, अक्षता टाकल्या. मुठीवरच्या खरखरीत दाण्यांत ते कुंकू जाऊन बसलं. मी नमस्कार केला. काकांनी फोटो काढला.

"काका, तो कुठे पाठवू नका."

"छे गं, तुझा चेहरा कुठाय त्यात?"

अर्ध्या तासाने माझा फोन थरथरायला लागला. मंडळाच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. फोटोखाली काकांनी लिहिलं होतं: 'आमच्या घरची दुर्गा यंदा सज्ज! नाइन एमएम. सर्वांना विजयादशमीच्या शुभेच्छा.' खाली उत्तरं येत होती. 'काका, आता तुमच्याकडे हात वर करूनच यायचं का?' 'आपट्याच्या पानाऐवजी काडतूस वाटणार वाटतं!' कुणीतरी हसून लोळणारे सात चेहरे टाकले होते. आणि मधेच, बाकीच्यांसारखंच एक उत्तर, जोडलेले दोन हात आणि 'शुभेच्छा'. ते त्याचं होतं. त्याला ग्रुपमधून काढायचा विषय मी मार्चमध्ये काढला होता. तेव्हा काका म्हणाले होते, तो काय परका आहे?

मी खाली धावले. काकांचा चेहरा पडला. "अगं, मी तो आहे हे विसरलोच. थांब, डिलीट करतो." त्यांनी केलं, मला दाखवलं. "गेला बघ." त्यांच्या फोनमधून गेला होता. त्यांनी फक्त स्वतःपुरतं डिलीट केलं होतं, आणि एकदा तसं केलं की बाकीच्यांच्या फोनमधून काढता येत नाही. माझ्या फोनवर झेंडू, कात्री आणि नाइन एमएम तसेच होते. आणि बाकीच्या एकशे अठ्ठ्याण्णव जणांच्या.

नऊ दिवसांनी, बुधवारी सकाळी दहाला, शेरीफच्या ऑफिसातला एक तरुण अधिकारी दारात आला. फार अदबीने बोलत होता. नवऱ्याने कोर्टात अर्ज केला होता. त्याला माझी भीती वाटते, असा. पत्नीची मानसिक अवस्था ठीक नाही, तिने शस्त्र घेतलं आहे, ती रोज सराव करते, गणपतीच्या दिवशी तिने मला धमकी दिली. पुरावा म्हणून फोटो जोडला होता, काकांच्या ओळीचं इंग्रजी भाषांतर करून. 'दुर्गा' या शब्दाला त्याने कंसात खुलासा दिला होता: राक्षसाला ठार मारणारी देवी. 'सज्ज'चं भाषांतर 'आर्म्ड अँड रेडी'. त्याचं भाषांतर चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही.

जजने तात्पुरता हुकूम दिला होता. मंगळवारी सुनावणी. तोपर्यंत मी त्याच्या जवळ जायचं नाही, आणि पिस्तूल, गोळ्या, परवाना जमा करायचा.

मी लॉकबॉक्सचा नंबर सांगितला. अधिकाऱ्याने पिस्तूल उचललं, बोट चापाच्या बाहेर, सरळ. स्लाइड मागे घेऊन आत बघितलं. मग मुठीकडे बघून थांबला. दाण्यांत सुकलेलं तांबडं होतं.

"हे काय आहे?"

मागून काकू घाईघाईने म्हणाल्या, "नो नो, दॅट इज नॉट ब्लड! दॅट इज ब्लेसिंग!"

त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पावतीवर काहीतरी जास्तीचं लिहिलं.

जाताना मला म्हणाला, "तुम्हालाही अर्ज करता येतो, मॅडम. तोच फॉर्म असतो."

दार लागल्यावर काका सोफ्यावर बसले. बराच वेळ हातातल्या रिमोटशी खेळत होते. "इतका खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "आपल्यातला मुलगा." मग उठून शर्ट बदलून आले. "चल, मी येतो कोर्टात. अर्ज मी सांगतो तसा लिही. मुद्देसूद. घरातलं सगळं नको, गरजेपुरतं."

"तुम्ही नका येऊ, काका."

मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. ते तिथेच उभे राहिले. काकू नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "चाप घेतलास ना?" आणि मग तोंडावर हात ठेवला.

कोर्टाच्या खिडकीवरच्या बाईने फॉर्म दिला. तो इंग्रजीत होता, आणि माझं इंग्रजी उत्तम आहे. त्यासाठीच मला त्या शाळेत घातलं होतं. नाव. त्याचं नाव. नातं. मग एक चौकोन: काय घडलं, आणि तुम्हाला कशाची भीती वाटते, ते लिहा. त्याने याच चौकोनासाठी तीन पानं भरली होती. तो आधी आला होता, म्हणून मंगळवारी जज त्याची तीन पानं आधी वाचणार होते आणि मग, ती वाचून झाल्यावर, माझी.

लग्नाचं पहिलं वर्ष लिहूनच चौकोन संपला. मी खिडकीशी परत गेले आणि जादा कागद मागितले. बाईने विचारलं, किती?

"माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्ही देत राहा."